ठोका चुकला पाहिजे

आपल्या मराठीत काळजाचा ठोका चुकतो तो भीतीने. मध्यरात्री फोन खणखणला, मूल शाळेतून वेळेवर परतले नाही, की ठोका चुकलाच म्हणून समजावे. शाळेत या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी स्वतः अनेकदा केला, आणि पुढे मास्तर झाल्यावर इतरांकडून करून घेतला. परंतु ठोका चुकत नाही म्हणूनही माणसाला दरदरून घाम फुटू शकतो, हे मला गेल्या वर्षी भाद्रपदात, एका प्रसूतिगृहाच्या लाकडी बाकावर बसलेला असताना कळले.

ती हकीगत सांगायची तर आधी माझ्या धाकट्या बहिणीविषयी सांगितले पाहिजे. पाच वर्षांपूर्वी तिचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते. आठवा महिना चालू होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, आज बाळ फारसं हललं नाही रे." आई म्हणाली, शेवटी शेवटी जागा कमी पडते, मुले कमीच हलतात. शेजारच्या काकूंनीही तेच सांगितले. आणि मी, घरातला शिकलासवरला पुरुष, म्हणालो, "उद्या सकाळी दाखवून येऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवले, पुन्हा फिरवले, आणि मग काही न बोलता त्याचा आवाज बंद केला.

जागा कमी पडते म्हणून मूल हलायचे कमी होते, ही समजूत साफ चुकीची आहे. अखेरच्या आठवड्यांत हालचालींची तऱ्हा बदलते, पण त्या मंदावत नाहीत; आणि मंदावल्या तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा असतो. हे मला नंतर कळले. प्रस्तुत लेखातून वाचकांनी, विशेषतः आयाबहिणींनी, बाकी काही घेतले नाही तरी चालेल, एवढे मात्र घ्यावे.

गेल्या वर्षी श्रावणात ती पुन्हा बाळंतपणासाठी आली, तेव्हा घरात आनंद होता, पण तो सगळा दबक्या पावलांचा. त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बारावीला माझ्याकडे मराठी घेऊन पुढे अभियांत्रिकीला गेलेला आणि आता संशोधन करीत असलेला. त्याच्या विषयाचे नाव ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो : गर्भाच्या हृदयस्पंदनांचे नॉनलिनिअर विश्लेषण. एका विज्ञानमंडळात त्याला मराठीतून व्याख्यान द्यायचे होते, आणि शब्द अडले होते.

"नॉनलिनिअरला काय म्हणू, सर?"

"अरेषीय म्हण. कोशात तो शब्द आहे."

"आणि एंट्रॉपीला?"

येथे मी अडलो. अडलो की मी मास्तरांच्या परंपरागत युक्तीचा आश्रय घेतो. म्हटले, "आधी अर्थ सांग, मग शब्द बघू."

त्याने पोह्यांची बशी बाजूला सारून लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक थरथरती रेघ होती. "हे ब्रनोचं बाळ आहे, सर." चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरी विद्यापीठाचे एक रुग्णालय आहे. तेथे २०१० ते २०१२ या काळात प्रसूतीच्या वेळी घेतलेल्या नऊ हजारांवर नोंदींतून निवडून काढलेल्या ५५२ नोंदी, प्राग येथील तंत्रविद्यापीठाच्या साहाय्याने, २०१४ साली जगाला खुल्या केल्या गेल्या. प्रत्येक नोंद जन्मापूर्वीची, फार तर दीड तासाची. सोबत जन्मानंतर नाळेतल्या रक्ताची आम्लता किती होती तो आकडा. कारण प्राणवायू कमी पडला की रक्त आम्ल होत जाते. नावगाव काही नाही. ती बाळे आता मिसरूड फुटण्याच्या वयाला आली असतील, आणि येथे पुण्यात एक मुलगा रात्र रात्र जागून त्यांचे जन्मापूर्वीचे ठोके मोजीत बसला आहे, याची त्यांना गंधवार्ताही नसेल.

ठोके ऐकण्याचा हा उद्योग तसा दोनशे वर्षांचा. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली स्टेथोस्कोप शोधला. त्याच्या कॅर्गारादेक नावाच्या देशबंधूने ते गर्भवतीच्या पोटाला लावले. त्याला खरे म्हणजे आतल्या पाण्याची खळखळ ऐकायची होती. ऐकू आली घड्याळासारखी टिकटिक. १८२१ साली पॅरिसच्या वैद्यकसभेपुढे त्याने ती हकीगत मांडली. पुढे १८९५ मध्ये पिनार्ड याने तुतारीच्या तोंडासारखे लाकडी नळकांडे केले. ते आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही असे. आमची आई त्याला फुंकणी म्हणते. मग विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत एडवर्ड हॉन, उरुग्वेत काल्देरो-बार्सिया आणि जर्मनीत हामाखर यांनी विजेच्या यंत्राने ठोके कागदावर उतरवायला सुरुवात केली, आणि १९६८ साली असे यंत्र बाजारात आले. त्याचे नाव कार्डिओटोकोग्राफ. त्यातला 'टोको' हा ग्रीक 'तोकोस', म्हणजे प्रसूती. संस्कृतात 'तोक' म्हणजे अपत्य. पण ध्वनी जुळला म्हणून नाते जुळत नाही, असे मी वर्गात बजावतो, तेव्हा येथे मोह आवरतो.

पोटातल्या बाळाचे हृदय मिनिटाला ११० ते १६० वेळा धडधडते. समजा, १४०. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४२८ मिलिसेकंद. माझी कल्पना अशी, की निरोगी बाळाचे हृदय स्विस घड्याळासारखे बरोबर ४२८, ४२८, ४२८ असे चालत असेल. विद्यार्थी हसला. "तसं चाललं तर डॉक्टर धावत येतील, सर." निरोगी हृदयात हे अंतर ४२० होते, ४३५ होते, ४२६ होते; रेघ सतत खालीवर होत राहते, साधारणपणे मिनिटाला पाच ते पंचवीस ठोक्यांच्या पट्ट्यात. रक्ताल्पतेने फार खंगलेल्या गर्भाची रेघ कधी कधी एकसारख्या गुळगुळीत लाटांची होते. पाहायला अतिशय सुंदर. ती दिसली की तज्ज्ञांच्या तोंडचे पाणी पळते.

हे का व्हावे? हृदयाला दोन मज्जासंस्थांचा लगाम आहे. एक त्याला पिटाळते, दुसरी आवरते. गाडीवानाच्या एका हातात पराणी, दुसऱ्या हातात कासरा, तसे. कासरा ओढला की बैल तत्काळ थबकतो. म्हणजे आवरणाऱ्या मज्जातंतूचा परिणाम एकदोन ठोक्यांतच दिसतो. पराणीचा परिणाम व्हायला काही सेकंद जातात. रक्ताचा दाब, बाळाची हालचाल, त्याची झोप आणि जाग या सगळ्यांच्या बातम्या मेंदूकडे जातात, आणि तेथून क्षणाक्षणाला पराणी किंवा कासरा हलतो. आता दुप्पट टोचले म्हणून बैल दुप्पट धावतो काय? कधी दोन पावले टाकतो, कधी उधळतो. आणि कासरा किती ताणलेला आहे यावर पराणीचा गुण अवलंबून. कारण दुप्पट तर कार्य दुप्पट, हा त्रैराशिकाचा हिशेब जेथे चालत नाही, ते अरेषीय. शब्द मी सुचवला होता, पण कळला मला तेव्हा.

प्राणवायू बराच वेळ कमी पडला, की गाडीवानाच्याच डोळ्यांवर झापड येते. बैल चालत राहतात, पण आपले आपण, एका चालीने. हॉन आणि ली यांनी १९६३ मध्ये नोंदवून ठेवले, की गर्भ संकटात सापडला की ठोक्यांची गती डोळ्यांत भरण्याइतकी बदलण्याआधीच, ठोक्या-ठोक्यांमधल्या अंतरांची ठेवण बदललेली असते. दिवा विझण्याआधी वात काजळते म्हणा ना. मात्र ती काजळी डोळ्याला दिसत नाही, मोजावी लागते.

मोजायची कशी? येथे मला मास्तरकी करण्याची संधी मिळाली, आणि ती मी सोडली नाही.

आपल्या घराघरांत म्हटले जाणारे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याचा साचा लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु असा चार वेळा. चार लघु, आठ गुरु. यात दोन गुरु पाठोपाठ आले की पुढचे अक्षर लघुच असणार. लघु आणि गुरु आले की पुढे गुरुच. मागची दोन अक्षरे सांगा, मी डोळे मिटून तिसरे सांगतो. आता हीच बारा अक्षरे विस्कटून टाका. चार लघु आणि आठ गुरु तेवढेच. सरासरी तीच, फेरफारही तेवढाच. पण अंदाज फसू लागेल. म्हणजे बेरीज-सरासरीचे गणित ज्या दोन ओळींना सारखेच समजते, त्यांत एकीत छंद आहे आणि दुसरीत नाही. फरक आहे तो अक्षरांच्या क्रमात.

"सर, हेच! अगदी हेच करतात," विद्यार्थी उडालाच. स्टीव्हन पिंकस नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने १९९१ साली 'अप्रॉक्सिमेट एंट्रॉपी' मांडली, ती अशीच. ठोक्यांमधली लागोपाठची दोन अंतरे घ्यायची. तशीच जोडी नोंदीत आणखी कोठे कोठे आली आहे ते शोधायचे. आणि त्या प्रत्येक ठिकाणी तिसरे अंतरही तसेच आले का, ते पाहायचे. नेहमी तसेच येत असेल तर आकडा लहान, अंदाज चुकत असेल तर मोठा. १९९२ मध्ये पिंकस आणि विस्कारेलो यांनी हीच पट्टी गर्भाच्या ठोक्यांना लावली. पुढे २००० साली रिचमन आणि मूरमन यांनी त्या रीतीतले काही दोष काढले. आम्ल रक्ताच्या बाळांत हा आकडा खाली येतो, असे पुष्कळ अभ्यासकांना आढळले आहे, सगळ्यांना नव्हे.

"म्हणजे अंदाज चुकवण्याची खोड जितकी, तितकी एंट्रॉपी," मी म्हणालो. "पण त्याला शब्द..."

"खोडी म्हण की, दादा." बहीण केव्हाची आतल्या दाराशी येऊन उभी होती. विद्यार्थ्याने तो शब्द वहीत लिहून घेतला. व्याख्यानात वापरला की नाही, मला ठाऊक नाही.

मी एक शंका काढली. नुसता अंदाज फसणे हेच जर आरोग्य, तर माकडाने टंकलेखनयंत्रावर बडवलेली अक्षरे सर्वांत निरोगी ठरतील! शंका खोटी नव्हती. मोठ्या माणसांतही हृदयाच्या एका विकारात ठोके वाटेल तसे पडतात, आणि तेथे खोडी भरपूर भरते. म्हणून कोस्टा, गोल्डबर्गर आणि पेंग यांनी २००२ साली वेगवेगळ्या मापांवर ती मोजायची रीत काढली : आधी एकेक ठोका, मग दोन-दोनांची सरासरी, मग तीन-तीनांची, असे करीत वर जायचे. माकडाच्या लिखाणात अक्षरापाशी गोंधळ दिसतो, पण शब्द, वाक्य, परिच्छेद असे वर जावे तसे हाती काही लागत नाही. चांगल्या गद्यात प्रत्येक पायरीवर काही तरी अनपेक्षित आणि तरीही सुसंगत असे असते. निरोगी हृदय तसे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना ही रीत लावता येईल काय, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण तो विषय वेगळा.

बहीण खाली बसली. तिने विचारले, "मग त्या वेळी तुझं हे गणित असतं, तर कळलं असतं का?"

खोलीत कोणी बोलेना. विद्यार्थ्याला मागची हकीगत माहीत नव्हती; मी ती दोन वाक्यांत सांगितली. तो पोर पंचविशीतला, पण त्याने उगाच धीर दिला नाही, याचे मला आजही कौतुक वाटते. "ताई, त्या रात्री तुमच्या पोटाला पट्टा लावलाच नव्हता. गणिताला ठोके तर हवेत." थोडे थांबून तो म्हणाला, "आणि पट्टा असता, तरी मी शपथेवर सांगू शकलो नसतो."

मग त्याने आपल्या शास्त्राची झाकली मूठ उघडली. साधे यंत्रच घ्या. प्रसूतीच्या वेळी सतत पट्टी काढायची की मधूनमधून ठोके ऐकायचे, याची तुलना तेरा चाचण्यांत, सदतीस हजारांवर स्त्रियांमध्ये झाली. सततच्या पट्टीने नवजात बाळांचे झटके निम्म्यावर आले, पण बालमृत्यू किंवा मेंदूचा पक्षाघात यांत फरक दिसला नाही. शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. तीच पट्टी दोन तज्ज्ञांना दाखवली तर मते दोन, आणि त्याच तज्ज्ञाला पुन्हा दाखवली तर कधी तिसरे. मग संगणकाने वाचून धोक्याचा इशारा द्यावा, म्हणून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ४६ हजारांवर बाळंतपणांत तो प्रयोग झाला. २०१७ साली निष्कर्ष आला, की संगणकाच्या इशाऱ्याने बाळांचे काही अधिक भले झाले नाही. जोडीला खोडी मोजण्याच्या खास अडचणी : पोटावरच्या यंत्राची नाडी मध्येच सुटते, कधी ते आईचीच नाडी धरून बसते, शिवाय ठोक्यांची थोडीफार सरासरी काढूनच आकडा देते, म्हणजे नेमके जे मोजायचे तेच पुसले जाते. जोडी 'तशीच' म्हणायची ती किती फरकापर्यंत, तेही प्रत्येक संशोधकाचे निराळे. ऑक्सफर्डच्या डॉज आणि रेडमन यांनी मात्र प्रसूतीपूर्वीच्या पट्टीसाठी साधेच माप ठरवले : मिनिटाचे सोळा भाग करून शेजारशेजारच्या भागांतला फरक मोजायचा. ते माप रुग्णालयांत रुळले. त्यापुढची गणिते अजून बहुतांशी संशोधकांच्या टेबलावरच आहेत.

"आणि झोप," तो जाता जाता म्हणाला. "बाळ शांत झोपलं की रेघ सपाट होते, खोडीही उतरते. झोप की संकट, हे वाट पाहूनच कळतं."

भाद्रपदात, गौरी गेल्या त्या रात्री, दहा वाजता बहीण स्वयंपाकघराच्या दारात आली. अडतिसावा आठवडा होता. "दादा, दुपारपासून कमी वाटतंय." आईने तोंड उघडण्यापूर्वीच मी पायांत चपला सरकवल्या होत्या. रस्त्यावर विसर्जनाची गर्दी. रिक्षा एका मंडळापाशी वीस मिनिटे अडकली, आणि ढोलांच्या दणक्यात बहीण पोटावर हात ठेवून डोळे मिटून बसली होती.

दवाखान्यात तिला दोन पट्टे बांधले : एक बाळाच्या हृदयासाठी, एक गर्भाशयाच्या आकुंचनासाठी. हातात एक बटण, बाळ हलले की दाबायचे. आई आत बसली, मी पडद्याबाहेर बाकावर. यंत्राचा आवाज मोठा केलेला होता. ठोके ऐकू आले तेव्हा प्रथम मी देवाला हात जोडले. एकशे चाळीस. मग ऐकत राहिलो, आणि हळूहळू माझ्या हाताला घाम सुटला. ठोके एका चालीत पडत होते. मला त्यात भुजंगप्रयात ऐकू येऊ लागले. आमच्यासारख्यांना अर्धवट ज्ञान देऊ नये, हेच खरे. मिलिसेकंदांचे फरक कानाला कोठून कळणार! पण त्या घटकेला कोणी मला हे पटवू शकले नसते.

वीस मिनिटांनी डॉक्टर आल्या. पट्टी बोटांतून सरकवीत म्हणाल्या, "चढ एकही नाही, हेलकावाही कमी आहे. झोपलं असेल. अजून वीस मिनिटं बघू." त्यांच्या आवाजात काळजी होती की नव्हती, हे ओळखण्याचा मी प्रयत्न केला. वीस मिनिटांत निदान दोन चढ हवेत, तेही पंधरा ठोक्यांनी वर आणि पंधरा सेकंद टिकणारे, हे विद्यार्थ्याने सांगितलेले मला आठवत होते. आठवत नसते तर बरे झाले असते. बाहेर ढोल थांबले होते. भिंतीवरचे घड्याळ अगदी नियमित चालले होते, आणि मला त्याचा राग आला.

चौतिसाव्या मिनिटाला आवाज बदलला. ठोके घाईला आले, एकमेकांवर आदळल्यासारखे झाले, आणि मग पुन्हा सावकाश उतरले. आत बटणाचा खटका ऐकू आला. पुन्हा खटका. मी पडदा सारून डोके आत घातले. नर्सने रागावून पाहिले. बहिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती पट्टीकडे बोट दाखवीत होती. रेघ एकशे साठच्या वर जाऊन आली होती.

"उठली बाई खोडीवर," ती म्हणाली.

तिला रात्रभर ठेवून घेतले, सकाळी सोनोग्राफी केली. नऊ दिवसांनी मुलगी झाली. आता ती वर्षाची होऊन गेली आहे. धरून धरून चालते, आणि दिसेल ते ओढते.

विद्यार्थी बारशाला आला होता. मी त्याला ती चाळीस मिनिटांची पट्टी दाखवून म्हटले, "काढ बरं हिची एंट्रॉपी." कागदावरून ती निघत नाही, असे त्याने सांगितले, ठोक्यांमधली मूळ अंतरे हवीत, आणि ती यंत्राने केव्हाच पुसली. बहिणीने पट्टी घडी करून फाइलीत परत ठेवली. असल्या कागदावर उष्णतेने छापलेली रेघ वर्षा-दीड वर्षात उडत जाते, हे तिला कोणीसे सांगितले. परवा कोजागरीला ती आली तेव्हा बघितले, तर पट्टी खरोखरच पुसट झाली आहे. पण पर्समध्ये झेरॉक्स होती, तीन प्रतींत. एक तिने माझ्यासाठी आणली होती.